संबळवाल्या पोराला शिष्यवृत्तीबद्दल

हात तयार आहे तुझा, पण अर्जाच्या कागदावर संबळ ऐकू येत नाही रे. केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाची तरुण कलाकारांची शिष्यवृत्ती १८ ते २५ वयासाठी आहे, महिना ५,००० रुपये, दोन वर्षं. लोककलाही बसते. गुरूंकडे किमान ५ वर्षं शिकलेलं हवं, त्यांची सही आधीच घे. ‘गोंधळ घालतो’ एवढ्यावर भागवू नकोस. गण, देवीचं आवाहन, आख्यान, यातलं काय काय येतं ते सविस्तर लिही. अर्ज छाननीत टिकलाच तर निवडीसाठी तज्ज्ञांपुढे वाजवावं लागतं, तिथे नुसता वेग दाखवत सुटू नकोस. पैसा सहामाही हप्त्यांनी येतो, त्याच्या भरवशावर उधारी नको. संबळाचं कातडं बदलायचंय ना? ते गोंधळाच्या सुपारीच्या पैशातून कर.