डिस्प्ले चष्मा स्वस्त घ्यावा की महाग? नेत्रतज्ज्ञाची उत्तरे

डोळ्यांसमोर मोठा पडदा दाखवणाऱ्या डिस्प्ले चष्म्यांविषयी या सदराकडे येणारे प्रश्न वाढले आहेत आणि बहुतेकांत एकच गोंधळ आढळतो, तो म्हणजे किंमत पाहून डोळ्यांचे हित ठरवण्याचा. स्वस्त आणि महाग चष्म्यांत फरक नक्कीच आहेत. परंतु त्यांतला कोणता फरक आपल्या उपयोगाचा आहे, हे आपला नंबर आणि दोन बाहुल्यांमधील अंतर ठाऊक असल्याशिवाय सांगता येत नाही.

प्रश्न : एका स्वस्त चष्म्याच्या जाहिरातीत २०१ इंचांचा पडदा लिहिला आहे, तर त्याहून महाग असलेल्या ‘एक्सरीअल वन’चा १४७ इंचांचा. जास्त पैसे देऊन लहान पडदा का घ्यावा? (पुणे)

तो लहान नाही, उलट मोठा आहे. पडदा किती अंतरावर आहे असे धरले, हे सांगितल्याखेरीज इंचांच्या आकड्याला काहीही अर्थ नसतो, आणि नेमकी तीच माहिती जाहिरातीत बारीक अक्षरांत ढकललेली असते. डोळ्याला जाणवतो तो कोन, म्हणजे पडद्याच्या एका कोपऱ्यापासून तिरक्या समोरच्या कोपऱ्यापर्यंत डोळ्याशी होणारा कोन; यालाच दृष्टिक्षेत्र म्हणतात. ४६ अंशांचे दृष्टिक्षेत्र असलेला चष्मा चार मीटरवरचा पडदा म्हणून मोजला तर सुमारे १३४ इंच भरतो आणि सहा मीटरवरचा म्हणून मोजला तर २०१ इंच. डोळ्यांना दिसणारे चित्र मात्र तेवढेच राहते. ‘वन’चे ५० अंश चार मीटरवर मोजले की १४७ इंच होतात. घरातील ४३ इंची टीव्हीसमोर सुमारे सव्वा मीटरवर बसून पाहिल्यास ४६ अंशांचा अंदाज येईल. म्हणून दुकानात इंच विचारू नका, अंश विचारा. दोन्ही दरांतील बहुतेक चष्म्यांत प्रत्येक डोळ्यासाठी १९२० × १०८० एवढेच ठिपके असतात, त्यामुळे केवळ महाग घेतल्याने अक्षर अधिक रेखीव होईल असे समजू नये. डोके हलले तरी पडदा जागेवर स्थिर ठेवणारी चिप हा मात्र महाग चष्म्याचा खरा लाभ आहे आणि तासन्‌तास मजकूर वाचणाऱ्यांना तो जाणवतो.

प्रश्न : माझा फोन साधा आहे. स्वस्त चष्मा त्याला जोडता येईल का? (सोलापूर)

फोनच्या यूएसबी-सी जोडणीतून डिस्प्लेपोर्टचे (पडद्याचे चित्र तारेतून बाहेर पाठवण्याच्या पद्धतीचे) चित्र बाहेर येत असेल तरच. कमी किमतीच्या अनेक फोनांत ही सोय नसते, म्हणून आधी फोनच्या कंपनीकडून खात्री करून घ्या.

प्रश्न : माझा नंबर उणे अडीच आहे आणि उणे सव्वाचा सिलिंडरही आहे. महाग चष्म्यावर नंबर जुळवण्याची चकती असते. ती असल्यास वेगळ्या काचांचा आणि तपासणीचा खर्च वाचेल ना? (नाशिक)

वाचणार नाही, आणि हे सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते, कारण ‘चकती फिरवा, चष्म्याला रामराम करा’ हा विक्रेत्यांचा सल्ला मी फार वेळा ऐकतो.

‘रोकिड मॅक्स’वरील चकती शून्यापासून उणे सहापर्यंत जाते, ‘व्हिचर प्रो’वरील उणे पाचपर्यंत. या चकत्या केवळ गोलीय, म्हणजे सर्व दिशांना सारखा असणारा, उणे नंबर भरून काढतात. अधिक (प्लस) नंबरासाठी त्यांचा उपयोग नाही आणि सिलिंडर नंबराला, म्हणजे एका ठरावीक दिशेतला दोष भरून काढणाऱ्या नंबराला, त्या स्पर्शही करत नाहीत, कारण त्यासाठी काचेची वक्रता विशिष्ट अक्षात वेगळी घडवावी लागते. तुमच्याइतका सिलिंडर असताना चकती कितीही फिरवली तरी अक्षरांना सावली राहील, आणि ती घालवण्यासाठी तुम्ही चकती पुढे पुढे नेत राहाल. खरा धोका इथे आहे. तरुण डोळा गरजेपेक्षा जास्त उणे नंबर समोर आला तरी स्नायू आवळून चित्र स्पष्ट करून घेतो. उलट अक्षर अधिक काळे आणि टोकदार भासते, म्हणून ‘आता छान दिसते’ असे वाटते, आणि तासाभराने डोके दुखू लागले की दोष चष्म्याच्या स्वस्तपणाला दिला जातो. नंबर ठरवणे हे ज्याचे त्याने अंदाजाने करण्याचे काम नाही. अलीकडील तपासणीचा कागद घ्या, बाहुल्यांमधील अंतर मोजून घ्या आणि आत बसणाऱ्या नंबरच्या काचा ज्या चष्म्यासाठी मिळतात तोच निवडा, मग तो स्वस्त असो वा महाग. ‘एक्सरीअल’चाच ‘वन प्रो’ हा चष्मा ५७ ते ६६ आणि ६६ ते ७५ मिलिमीटर अशा दोन मापांत मिळतो. हे अंतर फार कमी किंवा फार जास्त असलेल्यांसाठी जादा किंमत मोजण्याचे ते एक रास्त कारण आहे.

प्रश्न : वय ४८. फक्त वाचायचा अधिक दीडचा चष्मा आहे. तो नंबर आत घालावा का? (कोल्हापूर)

बहुधा नाही. पडदा डोळ्यांच्या जवळ असला तरी भिंगांमुळे त्याचे चित्र काही मीटर दूर असल्यासारखे दिसते, म्हणून चाळिशीचा नंबर तेथे लागत नाही. दूरचा नंबर खरोखर शून्य आहे ना, एवढे तपासून घ्या.

प्रश्न : स्वस्त चष्म्याच्या निळ्या प्रकाशाने दृष्टिपटल जळते, असे दुकानदार म्हणाला. (ठाणे)

ही ऐकीव भीती आहे आणि तिच्यावर विक्री चालते. पडद्याचा निळा प्रकाश दिवसाच्या उजेडापेक्षा कितीतरी क्षीण असतो. निळा प्रकाश अडवणाऱ्या काचांनी डोळ्यांचा थकवा कमी होतो असे २०२३ च्या कॉक्रेन आढाव्यातही (अनेक वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या आढाव्यातही) दिसून आले नाही. त्या लेपासाठी जादा पैसे देऊ नका.

प्रश्न : भाऊ अमेरिकेहून मेटाचा रे-बॅन डिस्प्ले आणणार आहे. माझा उजवा डोळा लहानपणापासून आळशी आहे. चालेल का? (सातारा)

२०२५ मध्ये ७९९ डॉलरला बाजारात आलेल्या या चष्म्यात मजकूर फक्त उजव्या डोळ्यासमोर उमटतो. तुमच्या बाबतीत सर्वांत महाग पर्याय सर्वांत निरुपयोगी ठरू शकतो. आळशी डोळ्याची दृष्टी नेमकी किती आहे हे मोजून घेईपर्यंत भावाला थांबायला सांगा.

प्रश्न : नऊ वर्षांच्या मुलाला खेळांसाठी घेऊन द्यावा का? (लातूर)

नाही. वाढत्या वयातील डोळ्यांना मैदानावरच्या उजेडाची गरज आहे.

प्रश्न : वय ५६, दहा वर्षांपासून मधुमेह. स्वस्त डिस्प्ले चष्मा घेतला आणि दोन महिन्यांपासून त्यात डाव्या डोळ्याला चित्र धूसर दिसते. आता महाग घ्यावा म्हणतो. कोणता घेऊ? (अमरावती)

कोणताही नको. चष्मा काढा, एकेक डोळा झाकून भिंतीवरचे कॅलेंडर पाहा. डावा डोळा तेव्हाही धूसर असेल, तर बिघाड चष्म्यात नाही. पण तसे नसले तरी तपासणी टळत नाही, कारण मधुमेहात दृष्टिपटलाची तपासणी वर्षातून एकदा व्हायलाच हवी, आणि दृष्टिपटलाला सूज आली असेल तर उपचारास होणारा प्रत्येक आठवड्याचा विलंब दृष्टीला महागात पडू शकतो. दोन महिने तुम्ही आधीच घालवले आहेत. याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांकडे जा आणि रक्तशर्करेचे अलीकडचे अहवाल बरोबर ठेवा. बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यावर काही तास अंधुक दिसते, म्हणून स्वतः गाडी चालवत जाऊ नका. घरातील कोणाला तरी सोबत न्या.