पेटीचा भाता

प्रिय बाळा,
सप्रेम सलाम.

तुझं पत्र पोचलं. नाताळात तरुण संघाबरोबर वृद्धाश्रमात गीतं म्हणून आलास आणि आता दर आठवड्याला जावंसं वाटतंय म्हणतोस. तिथे बोलायचं काय, बायबलातलं वचन कुठलं घ्यायचं, असं विचारलं आहेस. सांगते, पण आधी दुसरंच.

डिसेंबरात वृद्धाश्रमात पाय ठेवायला जागा नसते. एका दुपारी दोन-दोन, तीन-तीन मंडळ्या येऊन जातात. एका आजींच्या कपाटात मी जानेवारीत सात शाली मोजल्या, एकीचीही घडी मोडलेली नव्हती. मग ईस्टरपर्यंत कुणी फिरकत नाही. तेव्हा वार एकच धर. मंगळवार म्हणालास तर मंगळवार. जमणार नसेल त्या दिवशी ऑफिसात फोन करून निरोप ठेव, कारण कुणीतरी जेवल्यापासून व्हरांड्यात खुर्ची टाकून बसलेलं असतं.

आता बोलण्याचं. मी मिशन दवाखान्यात नोकरी केली, ती सोडून किती वर्षं झाली, तरी लोक मला सिस्टरच म्हणतात. पण निवृत्तीनंतर वृद्धाश्रमात पहिल्यांदा गेले ती नर्स म्हणून नाही, उपदेशक म्हणून. धीर या विषयावर पाऊण तास बोलले. आमेन म्हटल्यावर कोपऱ्यातल्या खाटेवरून आवाज आला, "सिस्टर, आता बेडपॅन देता का?" त्या बाईंनी पाऊण तास धीर धरला होता. धीरावर त्या दिवशी खरं प्रवचन त्यांनीच केलं. तेव्हापासून माझं वचन पाच मिनिटांत संपतं.

खाटेवर बसू नकोस, खुर्ची ओढून समोर बस, तुझं तोंड त्यांना दिसलं पाहिजे. कमी ऐकू येणाऱ्यांशी ओरडू नकोस. म्हातारपणी आधी बारीक, चढे आवाज ऐकू येईनासे होतात. ओरडलं की आवाज चढतो, आणि त्यांना दिसतो तो फक्त तुझा रागावलेला चेहरा. खालच्या पट्टीत, सावकाश बोल. "ओळखलंत का मला?" हे तर कधीच विचारू नकोस. आठवत नसेल तर माणूस ओशाळतो. गेल्या गेल्या स्वतःच नाव सांग, दर मंगळवारी नव्याने सांग. लाडू-पेढे नेण्याआधी ड्यूटीवरच्या सिस्टरला विचार. पाळकसाहेबांबरोबर प्रभूभोजनाला गेलास तरीही विचार. कुणाला कोरडी भाकर गिळवत नाही, ती द्राक्षरसात भिजवावी लागते. कुणाला आधी उशा लावून ताठ बसवावं लागतं.

वाचायला मोबाइलवरचं बायबलचं सोपं भाषांतर घेऊ नकोस. सोपं आहे, पण त्यांचं नाही. घरातला जुना शास्त्राचा ग्रंथ ने आणि स्तोत्र 23 काढ. "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही" म्हणून थांब. पुढचं तिथल्या आज्याच म्हणतील. स्वतःच्या लेकीचं नाव न आठवणाऱ्या बाईंच्या तोंडून मी ते शेवटच्या ओळीपर्यंत ऐकलं आहे. मध्ये माझा एक शब्द चुकला, तर त्यांनी डोळे न उघडता दुरुस्त केला. पूर्वी शाळेत बाई होत्या त्या.

तिथे सगळे आपले नसतात. ज्याला उठून जाता येत नाही त्याच्या उशाशी उभं राहून त्याला ख्रिस्त सांगणं मला पटत नाही. विचारलं तर सांगावं. एका हिंदू आजींनी मला पसायदान म्हणायला सांगितलं, मी म्हटलं. आमच्या चर्चच्या एका वडीलमंडळींना ते रुचलं नाही. रेव्हरंड टिळक तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आले असं आपणच अभिमानाने सांगतो, मग मला ज्ञानोबांची चार पदं म्हणायला कसली अडचण?

घर, सही, मृत्युपत्र असे विषय निघाले तर ऐकून घे, पण कागदाला हात लावू नकोस. मुलं पोसत नसतील तर ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्याने प्रांताधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणात दाद मागता येते. व्यवस्थापकांना सांग, ते करतील.

आणि आता जे सांगायला बसले ते. तू तिथे द्यायला जातोस. सगळेच द्यायला येतात, घेणारा कुणी येत नाही. ज्यांनी आयुष्यभर चर्चची मंडळी चालवली, दुसऱ्यांसाठी उपास केले, त्यांच्या हाती आता फक्त शाल घेणं उरलं आहे. पंडिता रमाबाईंनी केडगावात अंध बायकांसाठी बार्तीमी सदन काढलं, तिथे त्यांना नुसतं जेवू घातलं नाही, वाचायला आणि हातांनी काम करायला शिकवलं. लूकच्या शुभवर्तमानातली 84 वर्षांची हन्ना मंदिरात रात्रंदिवस प्रार्थना करत होती. म्हणजे कामावरच होती की ती! तेव्हा तुझ्या परीक्षेचं, नोकरीचं, घरातल्या भांडणाचं त्यांना सांग, आणि "माझ्यासाठी प्रार्थना करा" म्हण. मग पुढच्या मंगळवारी काय झालं ते कळव. त्या विचारल्याशिवाय राहायच्या नाहीत.

पुरुषांच्या बाजूला खिडकीपाशी एक आजोबा आहेत, आपल्या देवळात, चर्चमध्ये, पेटी वाजवायचे. झटक्याने उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. महिनोन्‌महिने मी त्यांच्याशी एकटीच बोलत राहिले. एकदा पेटी त्यांच्या खाटेवर ठेवली आणि त्यांचा डावा हात भात्यावर टेकवला. हाताने आपसूक भाता धरला. मी समोरून उलट्या बाजूने जमेल तशा पट्ट्या दाबल्या, आणि "हो" म्हणता न येणारा तो माणूस 'उपासना संगीत' या आपल्या गीतांच्या पुस्तकातलं अख्खं कडवं शब्दांसकट गायला. बोलणं आणि गाणं यांची जागा डोक्यात एकच नसते, दवाखान्यात आम्हाला हे माहीत होतं. माहीत असूनही मी लगेच पुढचं कडवं धरू शकले नाही.

तू त्यांच्या उजव्या हाताला बस, म्हणजे तुझा हात पट्ट्यांवर नीट येईल. भाता त्यांचा. स्वर खालचा धर; काळी पाचसारख्या चढ्या पट्टीत सुरू केलंस तर खोलीत तुझा एकट्याचाच आवाज राहील. ते थांबले तर तूही थांब.

पेटी वाचनाच्या खोलीत कपाटावर आहे, किल्ली आयाबाईंकडे असते. वरचा सा चिकटतो, तेवढा जपून दाब.

तुझी,
सिस्टर