इंजिन मोठं केलं म्हणून जहाज धावत नाही

प्रश्न : १५ नॉटने (तासाला सुमारे २८ किलोमीटर) चालणाऱ्या मालवाहू जहाजाला दुप्पट ताकदीचं इंजिन बसवलं, तर ते ३० नॉटने धावेल का?

नाही. १९च्या आसपास घुटमळेल, आणि तेही कागदावर. जहाजाला लागणारी ताकद ढोबळमानाने वेगाच्या घनाने वाढते. म्हणजे वेग दुप्पट हवा असेल तर ताकद आठपट लागते. तरी यात लाटांचा हिशेब नीट धरलेलाच नाही.

जहाज चालताना स्वतःच लाटा उठवतं आणि वेग वाढेल तशी त्या लाटांची लांबी वाढते. एका टप्प्यावर लाट जहाजाएवढी लांब होते. त्यापुढे रेटलं की मागची बाजू खळग्यात बसते, नाळ (जहाजाचं पुढचं टोक) वर उचलली जाते आणि जहाज आपणच उठवलेल्या लाटेचा चढ चढत राहतं. इंजिन धापा टाकतं, वेग मात्र तसूभरच वाढतो. ही मर्यादा काढायची सोपी रीत आहे. पाण्यालगतची लांबी मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि २.४३ ने गुणा. ९ मीटरच्या होडीला सुमारे ७.३ नॉट येतात, १०० मीटरच्या जहाजाला २४.३. लहान होडी मोठ्या जहाजामागे पडते त्याचं मुख्य कारण तिच्या लांबीत असतं. स्पीडबोट यातून सुटते, कारण ती पाण्यावर उचलली जाते. हजारो टन माल भरलेलं जहाज कोण उचलणार?

विल्यम फ्रूड यांनी इंग्लंडमध्ये टॉर्कीला १८७२ साली लांबलचक टाकी बांधून त्यात छोटी मॉडेलं ओढली. पाण्याचं घर्षण आणि लाटांचा विरोध वेगवेगळे मोजायचे, ही त्यांची युक्ती. आजही नव्या जहाजाचा आकार ठरवताना तीच वापरतात.

घनाचा हा नियम उलटा वापरला की फायद्याचा. वेग १० टक्के कमी केला तर ताकद सुमारे २७ टक्के कमी लागते. प्रवास लांबतो, तरी त्याच अंतराला इंधन १९ टक्क्यांच्या आसपास वाचतं.

प्रश्न : नाळेखाली पाण्यात असतो तो गोळा कशासाठी? काही जहाजांचा तो कापून टाकल्याचं ऐकलं, ते खरं का?

खरं आहे. त्या गोळ्याला बल्ब म्हणतात. तो स्वतःची वेगळी लाट उठवतो. तिचा खळगा नाळेच्या लाटेच्या शिखरावर नेमका पडला, की दोन्ही एकमेकींना बऱ्याच अंशी मारतात. पण हे जमतं ते ठरावीक वेगाला आणि ठरावीक खोलीलाच. २००८च्या मंदीनंतर कंटेनर जहाजं मुद्दाम हळू चालवू लागले. २४-२५ नॉटसाठी घडवलेला बल्ब १७-१८ नॉटला ओझंच झाला. मग कित्येक जहाजांचे बल्ब गोदीत कापून नवे, बेताचे बसवले. रिकाम्या जहाजाचा बल्ब तर अर्धा पाण्याबाहेर राहून नुसता फेस काढतो.

प्रश्न : गाडीचं इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेतं, एवढ्या मोठ्या जहाजाचं फक्त शंभर. मग ते मंद नाही का?

फेरे कमी म्हणजे पिस्टन मंद असं समजू नका. २००६ साली 'एमा मर्स्क' या जहाजात १४ सिलिंडरांचं टू-स्ट्रोक डिझेल इंजिन बसवलं होतं. एकेका सिलिंडरचा व्यास ९६० मिलिमीटर, पिस्टनची धाव अडीच मीटर, फेरे मिनिटाला १०२. गुणाकार करून पाहा, पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला साडेआठ मीटर येतो. साडेआठ सेंटिमीटर धावेचं गाडीचं इंजिन तीन हजार फेऱ्यांना नेमका हाच वेग गाठतं!

फेरे कमी ठेवायचे ते पंख्यासाठी, म्हणजे जहाज ढकलणाऱ्या प्रोपेलरसाठी. थोडं पाणी जोरात मागे फेकण्यापेक्षा पुष्कळ पाणी सावकाश ढकललं, तर तेवढाच रेटा कमी ताकदीत मिळतो. त्यासाठी पंखा मोठा आणि संथ हवा. इंजिनच संथ असलं की गिअरबॉक्स लागत नाही, शाफ्ट थेट पंख्याला जोडता येतो. जहाज मागे न्यायचं तर बहुतेक अशी इंजिनं चक्क बंद करून, दाबलेल्या हवेने उलट्या दिशेला सुरू करतात. इंजिन रूममध्ये उभं राहून पहिल्यांदा ते पाहिलं, तेव्हा तो क्षणभराचा शुकशुकाट मला नुसत्या आवाजापेक्षा भीतीदायक वाटला होता.

प्रश्न : इंजिनात काही बिघाड नाही, तरी दोन वर्षांत जहाजाचा वेग नॉटभर उतरला. काय तपासावं?

आधी तळ. शेवाळ आणि बार्नेकल (तळाला घट्ट चिकटणारे कवचाचे जीव) चढले की तेवढ्याच फेऱ्यांना इंजिनवर जास्त भार येतो आणि एक्झॉस्टचं तापमान वाढतं. पाणबुड्याला पंख्याची पातीही पाहायला सांगा, तिथलं नुसतं खरखरीतपणसुद्धा महागात पडतं.

प्रश्न : जड माल तळाशी ठेवला की जहाज स्थिर राहतं ना? मग लोहखनिज नेणारी जहाजं एवढी हिसके का देतात?

तळाशी ठेवला म्हणूनच देतात. जहाज किती जोमाने सरळ व्हायला पाहतं, हे ज्या उंचीवरून कळतं तिला बोटीवरचे सगळे 'जीएम' म्हणतात. ३२ मीटर रुंदीच्या जहाजाचा जीएम १ मीटर असेल तर डावी-उजवीकडची एक पूर्ण झुल सुमारे २५ सेकंदांची होते. जीएम ४ मीटर झाला की तीच १३ सेकंदांत आटोपते. उलटण्याचा धोका कमी, पण भांडी कपाटातून उडतात, माणसं बंकवरून पडतात आणि माल बांधलेल्या साखळ्यांवर ताण येतो. म्हणून पुष्कळ जहाजांत खनिज एक सोडून एक होल्डमध्ये (माल ठेवायच्या कोठीत) उंच भरतात, म्हणजे वजन वर सरकतं. अर्थात त्यासाठी जहाज तेवढं मजबूत बांधलेलं लागतं.

प्रश्न : लाटा थेट समोरून येत असतानाही जहाज आडवं डोलू शकतं का?

डोलतं, आणि ते फार वाईट. कंटेनर जहाजाची नाळ वर पसरट आणि मागची बाजू रुंद असते. लाटेचं शिखर मधोमध आलं की ही दोन्ही टोकं पाण्याबाहेर येतात, स्थिरता घटते. खळगा मधोमध आला की टोकं बुडतात, स्थिरता वाढते. लाटा झुलीच्या निम्म्या वेळाने येऊ लागल्या, तर झोपाळ्याला दर वेळी नेमका झोका दिल्यासारखं होतं आणि काही मिनिटांत जहाज भयंकर कलतं. १९९८च्या ऑक्टोबरमध्ये उत्तर पॅसिफिकमध्ये 'एपीएल चायना'ने असेच शेकडो कंटेनर गमावले. त्या वेळी ताकदवान इंजिन कामी येत नाही. वेग किंवा दिशा बदलून लाटांची ती लय मोडावी लागते, आणि तीही झुली वाढताहेत हे दिसताक्षणी.