वाचकांचे प्रश्न : चाळीस जिन्नस आणि एकशेवीस कृती

प्रश्न : मी संगणकशास्त्राचा विद्यार्थी असून दोन मित्रांसह मध्ययुगीन दख्खनच्या पार्श्वभूमीवर एक व्हिडिओ गेम तयार करीत आहे. त्यातील वैद्याच्या झोपडीत खेळाडूला 40 जिन्नसांपैकी कोणतेही दोन एकत्र करून काढे आणि भस्मे बनवता येतात. अशा 120 कृती आम्ही ठरवल्या आहेत. चाचणीला बसलेले खेळाडू मात्र थोडा वेळ प्रयत्न करतात आणि मग सरळ आमच्याकडे कृतींची यादी मागतात. आम्ही जिन्नस वाढवावेत का? आणि खरे रसायनशास्त्र त्यात कितपत आणावे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : यादी मागणाऱ्या खेळाडूंना दोष देता येणार नाही. 40 जिन्नसांच्या जोड्या 780 होतात आणि त्यांतील 120 फळतात, म्हणजे साधारण साडेसहा प्रयत्नांमागे एक यश. हे प्रमाण फारसे वाईट नाही. परंतु फसलेल्या जोडीवरून पुढच्या जोडीविषयी काहीच कळत नाही, ही खरी अडचण आहे. त्यामुळे आपला खेळाडू प्रयोग करीत नसून, आकड्यांच्या कुलपाची चाके फिरवत बसला आहे. जिन्नस वाढवल्यास चाके तेवढी वाढतील. माझ्या मते ते निम्म्यावर आणावेत.

‘स्कायरिम’ (2011) या गेममध्ये प्रत्येक जिन्नसाला चार गुण दिलेले आहेत आणि दोन जिन्नसांत एखादा गुण समान असला तरच काढा जमतो. जिन्नस नुसता चाखला तरी त्याचा पहिला गुण कळतो. इथे कृती पाठ करायच्या नसतात, गुण ओळखायचे असतात, आणि एक गुण सापडला की अनेक कृतींचा अंदाज बांधता येतो. ‘माइनक्राफ्ट’ या गेमची रचना याहून काटकसरीची, आणि मला अधिक आवडणारी आहे. तिथे रेडस्टोन नावाचे खनिज घातल्यास काढ्याचा प्रभाव अधिक वेळ टिकतो, तर ग्लोस्टोन या चमकत्या दगडाची भुकटी घातल्यास तो तीव्र होतो. वेगाच्या काढ्याचा प्रभाव एरवी तीन मिनिटे राहतो. रेडस्टोनने तो आठ मिनिटांचा होतो, ग्लोस्टोनने जोर वाढतो पण अवधी दीड मिनिटावर येतो, आणि हे दोन्ही लाभ एकत्र मिळत नाहीत. आंबवलेला कोळ्याचा (स्पायडरचा) डोळा हा जिन्नस काढ्याचा गुणच पालटतो, म्हणजे वेगाच्या जागी मांद्य येते. हे जिन्नस भाषेतल्या प्रत्ययांसारखे वागतात : थोडेच असतात, पण अनेक शब्दांना लागतात.

खऱ्या रसायनशास्त्राबद्दल सांगायचे तर आण्विक वजने आणि संतुलित समीकरणे यांच्या वाटेला जाऊ नये. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ या गेमच्या (2017) रचनाकारांनी आपल्या ‘केमिस्ट्री इंजिन’चे, म्हणजे पदार्थांचे वागणे ठरवणाऱ्या यंत्रणेचे, तीनच नियम सांगितले होते : अग्नी, पाणी, वीज यांसारखी तत्त्वे पदार्थाची अवस्था बदलतात, तत्त्वे एकमेकांचीही अवस्था बदलतात, पदार्थ मात्र परस्परांची अवस्था बदलू शकत नाहीत. लाकूड पेटते, पावसाने आग विझते, धातूची तलवार वीज ओढते. खेळाडूच्या रोजच्या अनुभवाला हे पटत असल्यामुळे त्याला शिकवावे लागत नाही.

आपली पार्श्वभूमी दख्खनची असल्याने आणखी एक सुचवतो. आपल्या रसशास्त्रात, म्हणजे पारा, धातू आणि खनिजे यांपासून औषधे बनवण्याच्या आयुर्वेदाच्या शाखेत, काय मिसळले याइतकेच ते कसे सिद्ध केले यालाही महत्त्व आहे. पारा आणि गंधक खलात घोटले की काळी कज्जली होते. तीच कज्जली काचकूपीत भरून, वालुकायंत्रात (तापवलेल्या वाळूच्या भांड्यात) मृदू, मध्यम आणि तीव्र अशा क्रमाने अग्नी देत गेले की कूपीच्या गळ्याशी लाल रससिंदूर जमतो. दोन्ही पाऱ्याची सल्फाइडेच, पण रंग आणि स्फटिकरचना वेगळी. (हा प्रयोग पडद्यावरच राहू द्यावा, पाऱ्याची वाफ विषारी असते.) घोटणे, भावना देणे (वनस्पतीच्या रसात भिजवून घोटणे), पुट देणे (बंद भांड्यात घालून आगीत भाजणे), ऊर्ध्वपातन करणे (तापवून उडालेली वाफ वर जमवणे) या चार क्रिया आणि वीस जिन्नस एवढेच ठेवले, तरी एका जिन्नसावर एक क्रिया करण्याचे 80 पर्याय होतात. प्रत्येक क्रियेचा परिणाम सर्वत्र एकाच धर्तीचा ठेवावा : पुट दिले की उग्रता उतरते, म्हणजे ती कोणत्याही जिन्नसाची उतरली पाहिजे. फसलेल्या प्रयोगातूनही रंग, वास, धूर असे काहीतरी हाती लागू द्यावे, म्हणजे जळलेल्या भस्माच्या रंगावरून अग्नी जास्त झाला हे खेळाडूला स्वतःच ताडता येईल.

प्रश्न : बुद्धी वाढवणारा काढा आम्ही ठेवला आहे आणि बुद्धी जितकी अधिक तितका काढा प्रभावी होतो. यात काही धोका आहे का?
— तेच वाचक

उत्तर : आहे, आणि तो जुना आहे. ‘मॉरोविंड’ या गेममध्ये (2002) नेमके हेच घडले. खेळाडू बुद्धीचा काढा पिऊन अधिक जोरदार काढा बनवीत, तो पिऊन त्याहून जोरदार, आणि शेवटी आकडे हास्यास्पद होत. काही खेळाडूंना याच गमतीची आठवण प्रिय आहे, हे कबूल करायला हवे; पण आपल्या गेममधली लढाई त्यापुढे टिकणार नाही. काढ्याचा जोर वैद्याच्या मूळ बुद्धीवरून ठरवावा, काढ्याने चढलेली बुद्धी त्यात धरू नये. तेवढी एक ओळ बदलली की हे चक्र तुटते.