प्लास्टिकच्या सजावटी घोड्याला क्राफ्टचे ॲक्रिलिक रंग दिले तर टिकतात का?

तुमचा प्रश्न असा: मेरी-गो-राउंडच्या घोड्यासारखा दोन फुटी प्लास्टिकचा घोडा घरात पडून आहे, छोट्या बाटल्यांतले क्राफ्टचे रंग वापरून तो हाताने रंगवायचाय, तर जमेल का आणि रंग टिकेल का.

टिकतो. माझा पहिला मात्र टिकला नव्हता. पुतणीच्या वाढदिवसासाठी एका मंडपवाल्याकडून जुना घोडा आणला होता, रंग विटलेला, मधून सोनेरी दांडा. ऐन जुलै, पंचवटीतल्या आमच्या घराच्या भिंतीही ओलसर, आणि मी बाटल्या उघडून थेट ब्रश मारायला बसले. दोन दिवस झकास दिसला. तिसऱ्या दिवशी मानेला नख लागलं आणि रंग कांद्याच्या सालीसारखा सुटून हातात आला. आम्ही नाशिककर, सालीची उपमा लगेच सुचते, पण तेव्हा रडूच आलं होतं.

चूक रंगाची नव्हती. लाकूड रंग पितं, प्लास्टिक पीत नाही. ॲक्रिलिकमधलं पाणी उडालं की मागे एक पातळ पापुद्रा उरतो, आणि गुळगुळीत प्लास्टिकवर त्याला धरायला काही सापडत नाही. त्यात साच्यातून काढताना लागलेला तेलकटपणा आणि वर्षांची धूळ. म्हणून निम्मी मेहनत ब्रश हातात घेण्याआधीची आहे.

भांड्यांच्या साबणाने घोडा घासून धुवा, आयाळीच्या खाचांत जुना टूथब्रश फिरवा. पूर्ण वाळला की ४०० नंबरचा वॉटर पेपर (बारीक सँडपेपर) हलक्या हाताने मारा. ओरखडे पाडायचे नाहीत, फक्त चकाकी मारायची. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या. थिनरने मात्र पुसू नका, काही प्लास्टिक त्याने चिकट होऊन विरघळतात. त्यानंतर प्लास्टिकवर चालणाऱ्या पांढऱ्या प्रायमरचे दोन पातळ हात. स्प्रेचा असेल तर गच्चीवर, तोंडाला मास्क बांधून, आणि पावसाळी दिवस टाळून. दमट हवेत त्यावर पांढुरकी झाक येते. मी दुसरा घोडा दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत केला आणि फरक लगेच कळला. प्रायमर वाळल्यावर एका कोपऱ्यात चिकटपट्टी दाबून ओढून बघा. पट्टीबरोबर रंग आला तर पुन्हा घासायचं, दुसरा इलाज नाही.

रंगाचे हात पातळच द्यायचे, प्रत्येक हातानंतर तासभर थांबून. पाणी दोन-चार थेंबच, जास्त झालं तर रंगाची पकड जाते. पिवळा आणि लाल झाकत नाहीत, चार हात देऊनही खालचं दिसतं. लाल खोगिराखाली आधी गुलाबी द्या, सोनेरीखाली गेरूच्या जवळचा पिवळा. अंग पांढरं हवं असेल तर बाटलीतला निव्वळ पांढरा नको, खडूसारखा दिसतो. त्यात थेंबभर पिवळ्या मातीचा रंग (यलो ऑकर) मिसळा आणि पोटाखाली, मांड्यांच्या आत किंचित निळसर राखाडी फिरवा. आयाळीला आधी गडद रंग, तो वाळला की जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर फिकट. खाचा आपोआप उठून दिसतात.

एक गंमत. खऱ्या लाकडी पाळण्यांवर, म्हणजे मेरी-गो-राउंडवर, घोड्याच्या दोन बाजू सारख्या नसायच्या. बाहेरून बघणाऱ्यांना दिसणारी बाजू जास्त नटवलेली, आतली साधी. अमेरिकेतले पाळणे घड्याळाच्या उलट फिरतात म्हणून तिथे घोड्याची उजवी बाजू सजलेली, इंग्लंडमधले घड्याळाप्रमाणे फिरतात म्हणून तिथे डावी. तुमचा घोडा भिंतीला टेकून उभा राहणार असेल तर तुम्हीही तेच करा, मागच्या बाजूला फुलं काढत बसू नका. मी बसले होते, चार संध्याकाळी वाया.

नवरात्रात नाशिकच्या कालिका देवीच्या यात्रेतल्या पाळण्यांचे घोडे नमुन्यासाठी जरूर बघा, त्यांचे भडक रंग मला फार आवडतात. पण क्राफ्टच्या रंगाला ऑइलपेंटचा तो तुकतुकीतपणा नसतो. तो शेवटी व्हार्निशने आणायचा.

डोळे सगळ्यात शेवटी. आमच्या गल्लीतले मूर्तिकार गणपतीची आखणी शेवटी करतात, तसंच. बारीक ब्रश, कोपर टेबलावर टेकवलेलं, आणि बुबुळात वरच्या बाजूला पांढरा एकच ठिपका. दोन्ही डोळ्यांत तो एकाच दिशेला हवा, नाहीतर घोडा तिरळा दिसतो.

मग दोन-तीन आठवडे त्याला हात लावू नका. रंग तासाभरात वाळलेला वाटतो, पण प्लास्टिकवर घट्ट बसायला वेळ घेतो. त्यानंतर पाण्यावर चालणाऱ्या ॲक्रिलिक व्हार्निशचे दोन हात. तेलाचं व्हार्निश पुढे पिवळं पडतं, पांढऱ्या घोड्यावर तर लगेच दिसतं.

सुरू करण्याआधी घोडा उलटा करून पोटाखाली किंवा पायाशी त्रिकोणातला, प्लास्टिकचा प्रकार सांगणारा आकडा शोधा. २, ४ किंवा ५ असेल तर साधा प्रायमरही नीट धरत नाही. गाड्यांचे बंपर रंगवणाऱ्यांकडे त्यासाठी वेगळा प्लास्टिक प्रायमर असतो, तो आधी मारा. आकडा सापडला की इथेच खाली लिहा, पुढचं तेव्हा सांगते.