वाचक विचारतात : गोधडी टांगायची कशी आणि नाव लिहायचे कोणाचे?

प्रश्न : आमच्या शाळेच्या शतकमहोत्सवात गावातल्या बायांनी शिवलेल्या गोधड्यांचे दहा दिवसांचे प्रदर्शन एका वर्गखोलीत मांडतो आहोत. काही गोधड्या साठ-सत्तर वर्षांच्या आहेत. तारेवर चिमटे लावून टांगल्या तर चालेल का?
– शिक्षिका, उमरेड तालुका

उत्तर : चिमटे नकोत. जुन्या लुगड्यांच्या पाच-सहा थरांची गोधडी दोन-तीन किलो सहज भरते. चिमट्याने ते सगळे ओझे चार-पाच बोटभर जागांवर येते आणि कापड तिथेच विरते. ओझे पूर्ण रुंदीवर वाटले जायला हवे. त्यासाठी मागच्या बाजूने, वरच्या काठाखाली दोन बोटे सोडून मांजरपाटाचा नेफा शिवा. मांजरपाट आधी दोनदा गरम पाण्यात धुऊन खळ काढून टाका, कारण खळीवर झुरळे आणि कसर येते. नेफा पाच-सहा इंच रुंद असू द्या. टाके हाताने, सुती दोऱ्याने आणि सगळ्या थरांतून घ्या. नुसते मागच्या थरात घेतले तर सगळा भार त्या एकाच जुन्या कापडावर पडतो. नेफा किंचित सैल ठेवा, नाहीतर नळीचा फुगवटा पुढून दिसतो. आत अॅल्युमिनियमची नळी घाला. लोखंडी सळई पावसाळ्यात गंजते आणि गंजाचा डाग कापडातून निघत नाही.

टांगण्याआधी काळे आणि गर्द तपकिरी तुकडे बारकाईने पाहा. लोहाचा वापर करून रंगवलेले कापड इतरांच्या आधी कुजते. बोट लावल्यावर धागे तुटत असतील तर ती गोधडी टांगूच नका. धुतलेले कापड पसरलेल्या फळीवर ठेवा आणि फळी जमिनीपासून तीसेक अंश तिरपी करा.

उजेडाची काळजी टांगण्याइतकीच महत्त्वाची. कापडासाठी संग्रहालये ५० लक्सची (लक्स म्हणजे उजेड मोजण्याचे एकक) मर्यादा पाळतात. उजेडाचे नुकसान साठत जाते : ५० लक्समध्ये रोज आठ तास असे दहा दिवस म्हणजे ४,००० लक्स-तास, आणि ५०० लक्सच्या खोलीत तेवढे एकाच दिवसात होतात. आपल्याकडच्या वर्गखोलीत खिडकीशेजारी ५०० लक्स सहज ओलांडले जातात. खिडक्यांवर जाड कापडाचे दोन थर लावा, एलईडी दिवे वापरा. लक्स मोजणारे मोबाइल अॅप अंदाजापुरते पुरते.

साफ करायला गोधडी झटकू नका, धुऊ नका. व्हॅक्यूमच्या तोंडाला मच्छरदाणीचे कापड बांधून सर्वांत कमी ओढीवर धूळ काढा. कसर लागल्याची शंका आली तर पॉलिथिनमध्ये हवाबंद करून उणे २० अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. थंडी तेवढी आहे का, ते आत थर्मामीटर ठेवून बघा. मध्ये बराच वेळ वीज गेली आणि आतले तापमान चढले तर दिवस पहिल्यापासून मोजा. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडू नका. थंड कापडावर लगेच दव धरते.

प्रश्न : घराच्या भिंतीवर चित्रे काढणाऱ्या आमच्या गावातल्या बायांना प्रदर्शनासाठी प्लायवर मातीचा थर देऊन चित्र काढायला सांगितले. दोनदा केले, दोन्ही वेळा माती तडकून सुटली.
– बचत गट, कुरखेडा तालुका

उत्तर : माती शेतातली काळी घेतली असेल तर तडकणारच. ती ओली झाली की फुगते, सुकली की आकसते. उन्हाळ्यात वावराला भेगा पडतात त्याच कारणाने. शिवाय गुळगुळीत प्लायला माती धरून राहत नाही. १२ मिलिमीटरचा वॉटरप्रूफ प्लाय घ्या. दोन्ही बाजूंना रंगाचा हात द्या, एकाच बाजूला दिला तर तो वाकतो. त्यावर गोणपाट ताणून दर तीन इंचांवर स्टेपल मारा. पिवळी माती तीन भाग, बारीक वाळू एक, शेण एक आणि बारीक कुटार दोन मुठी असे मिश्रण रात्रभर भिजवा. पहिला थर पाच-सहा मिलिमीटरचा. तो सावलीत पूर्ण वाळला की चाळलेल्या मातीचा दुसरा थर दोन-तीन मिलिमीटरचा. मे महिन्यात उन्हात वाळवला तर वरचा पापुद्रा आधी आकसतो आणि मिश्रण चांगले असूनही भेग पडते. मातीमातीत फरक असतो, म्हणून आधी फूटभर तुकड्यावर करून बघा. तांदळाच्या पांढऱ्या रंगात थोडा बाभळीचा डिंक घाला, नाहीतर तो भुकटी होऊन झडतो.

तीन बाय चार फुटांचा असा फलक वीस-बावीस किलोंचा होतो. तो खिळ्यावर न टांगता खालून आधार देऊन उभा करा.

प्रश्न : संग्रहालयात अशा वस्तूंखाली ‘अज्ञात’ किंवा नुसते जमातीचे नाव लिहिलेले असते. आमच्या पाटीवर काय लिहावे? काही बाया आता हयात नाहीत.
– वाचक, आर्वी

उत्तर : नाव लिहा, आणि सगळ्यांत वर लिहा. वस्तू ज्या दिवशी घेतली त्या दिवशी नोंदवहीत करणारीचा रकाना कोरा राहिला की ‘अज्ञात’ जन्माला येते. घरचा कर्ता पुरुष वस्तू आणून देतो आणि त्याचेच नाव चढते. आपल्याकडे आणखी एक अडचण आहे : लग्नात मुलीचे नाव बदलते आणि पुढे ती अमक्याची माय म्हणूनच ओळखली जाते. म्हणून माहेरचे नाव आणि गाव, सासरचे नाव, आणि हाक मारायचे नाव, तिन्ही विचारा. हे लेकीला, नणंदेला, शेजारणीला विचारावे लागते. मुलाला आईचे माहेरचे नाव पुष्कळदा ठाऊक नसते. शोधूनही सापडले नाही तर ‘नाव नोंदवले गेले नाही’ असे लिहा. चूक नोंदवणाऱ्याची, ती बाई अनामिक नव्हती.

सतराव्या शतकातल्या डच चित्रकार ज्युडिथ लेस्टर यांची चित्रे फ्रान्स हाल्स या पुरुष चित्रकाराच्या नावाने विकली जात होती. १८९३ मध्ये तशाच एका चित्रावर त्यांच्या आद्याक्षरांची आणि ताऱ्याची खूण सापडली आणि त्यांचे काम त्यांच्या नावे परत आले. म्हणून प्रत्येक गोधडीच्या मागच्या कोपऱ्यात सुती फितीवर नाव आणि क्रमांक लिहून ती चार टाक्यांनी शिवा. गोंदाने चिकटवू नका. अमेरिकेत अलाबामातल्या जीज बेंड वस्तीतल्या कृष्णवर्णीय बायांनी शेतात वापरून झिजलेल्या कपड्यांतून शिवलेल्या गोधड्या २००२ मध्ये ह्यूस्टनच्या ललित कला संग्रहालयात आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात चित्रांसारख्या भिंतीवर लागल्या, शिवणारीच्या नावासकट.

पाटीचा मजकूर पन्नास-साठ शब्दांचा ठेवा : नाव, गाव, अंदाजे वर्ष, कोणते कापड, कोणता टाका आणि शेवटी वस्तू कोणाकडून आली. अक्षर किमान २४ पॉइंट, नाव त्याच्या दुप्पट. चकचकीत लॅमिनेशन टाळा, उजेड परावर्तित होऊन वाचता येत नाही.

प्रश्न : बी. प्रभा आपल्या भागातल्या, असे ऐकले. त्यांची चित्रे कुठे पाहायला मिळतील?
– विद्यार्थिनी, भिवापूर

उत्तर : हो. नागपूरजवळच्या बेला गावात १९३३ मध्ये त्यांचा जन्म झाला. आधी नागपुरात, मग मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात त्या शिकल्या. उंच, सडपातळ कष्टकरी बाया आणि बहुधा एकाच रंगाचा वरचष्मा, ही त्यांच्या चित्रांची ओळख. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचे काम आहे. पण कोणत्याही संग्रहालयाचा बराचसा संग्रह कोठारात असतो, म्हणून प्रवास ठरवण्याआधी ईमेल करून विचारा. तिथेच अमृता शेरगिल यांचाही मोठा संग्रह आहे. सरकारने ‘राष्ट्रीय कलानिधी’ ठरवलेल्या नऊ चित्रकारांत त्या एकट्याच स्त्री आहेत.

प्रश्न : एक संस्था आईची गोधडी संग्रहालयासाठी मागते आहे. द्यावी का?
– वाचक, मूल

उत्तर : आधी दान की उसने, ते ठरवा. दान दिल्यावर परत मागता येत नाही. उसने देताना करारात परतीची तारीख, येण्याजाण्याचा खर्च आणि नुकसान झाल्यास भरपाई लिहून घ्या. देण्याआधी दोन्ही बाजूंचे, फाटक्या जागांचे फोटो काढून त्यावर दोघांच्या सह्या घ्या. वस्तू दिली म्हणजे तिच्यावरच्या नक्षीचा हक्क गेला, असे नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे तो हक्क लेखी दिल्याशिवाय जात नाही, आणि करणारीच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. कॅलेंडर, पिशव्या, पोस्टर यांवर नक्षी छापायची असेल तर त्याची परवानगी आणि मोबदला वेगळा लिहून घ्या. मुदत लिहिली नसेल तर असा करार पाच वर्षांचाच धरला जातो. नोंदवहीत आईचे नाव चढले की त्या पानाचा फोटो मागा, आणि तो हातात येईपर्यंत दानपत्रावर सही करू नका.