गवती चहा लावताय? आधी भट्टी बघा

भाऊ, ठोंबांची चौकशी नंतर करा, आधी तेल काढायची भट्टी किती लांब आहे ते बघा. कापलेली पात वाहून न्यायचं भाडंच नफा खातं. मी पहिल्या वर्षी हे पाहिलं नाही आणि ढीग बांधावरच तापून काळा पडला.

रोपं लखनौच्या सीमॅप या औषधी-सुगंधी वनस्पतींच्या सरकारी संशोधन संस्थेच्या 'कृष्णा'सारख्या जातीची, खात्रीच्या ठिकाणाहून घ्या. घरामागच्या चहाच्या गवतातून तेल पुरेसं निघेलच असं नाही. पहिला पाऊस जिरला की ठोंबाची पानं छाटून लावा. पाणी साचणारी जमीन मात्र नकोच, ठोंब कुजतात.

पहिली कापणी साधारण चार-पाच महिन्यांनी. जमिनीपासून वीतभर ठेवून कापा, खाली गेलात तर फुटवा मरतो. कापलेलं गवत सावलीत पसरून थोडं सुकू द्या, मग भट्टीत भरा. पात बोटांनी चुरगळली की लिंबासारखा तिखट वास यायला हवा. तो सिट्रालचा, म्हणजे तेलातल्या मुख्य वासाच्या घटकाचा, आणि तेलाचा भाव त्यावरच ठरतो. तेलात पाण्याचा थेंब राहू देऊ नका. प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये तर मुळीच साठवू नका.

बांधावरची चार ठोंबं घरच्यासाठी राखा. आल्यासोबत पात उकळलेला चहा सर्दीत फार बरा वाटतो.